गाडी वर्कशॉपमध्ये, हप्ता चालूच: ग्राहक कायदा आपल्या तरुणांच्या किती कामाचा?

ऑक्टोबर २०१० मधली बातमी शहरातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक, डॉक्टर आणि व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार साधारण ६५ कोटींचा होता. त्यातल्या ४० कोटींहून अधिक रकमेचे कर्ज स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिले. देशभर चर्चा झाली ती शहराच्या श्रीमंतीची. आम्हाला त्या बातमीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दीडशे गिऱ्हाइके एकत्र गेली, म्हणून कंपनी आणि बँक दोघेही भाव करायला तयार झाले.

आता जालना रोडवरच्या एखाद्या शोरूममध्ये एकटा जाणारा आपला तरुण डोळ्यांसमोर आणा. भीमनगर-भावसिंगपुऱ्याचा असेल, मुकुंदवाडीचा असेल, नाहीतर वाळूजला कंपनीत कामाला जाणारा असेल. घरातली ही पहिलीच चारचाकी. डाऊन पेमेंटसाठी आईचे डाग गहाण पडलेले, बाकीचे बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज. दहा-बारा ठिकाणी सह्या, त्यातला एकही कागद वाचायला वेळ दिलेला नाही. हार घालून, पेढे वाटून गाडी घरी येते. महिन्याभरात गिअर अडकू लागतो किंवा इंजिनातून आवाज येतो. मग वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. चार दिवस गाडी तिथे, आठ दिवस घरी, पुन्हा तिथे. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला खात्यातून जातोच.

अशा वेळी बहुतेक जण दोनच वाटा धरतात. एक, ओळखीच्या कार्यकर्त्याला घेऊन शोरूममध्ये जायचे आणि आवाज चढवायचा. दोन, नशिबाला दोष देऊन गाडी तोट्यात विकून टाकायची. तिसरी वाट कायद्याची आहे. त्या वाटेने कोण अडतो आणि कशामुळे अडतो, हेच आज पाहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की हा कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त आपल्या बाजूचा आहे, पण तो कागदावर चालतो आणि कागद तयार होतो त्या दिवशी आपण गाफील असतो.

गिऱ्हाईक म्हणून उभे राहता येणे ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. कन्नडचा घाट उतरला की लागणाऱ्या चाळीसगावात १९२९ मध्ये बाबासाहेबांना टांगा हवा होता. पैसे द्यायची तयारी असूनही एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका न सरावलेल्या माणसाने तो हाकला, मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापरात भेदभावाला मनाई आली. दुकानाचे दार उघडले. आत गेल्यावर खोटा माल गळ्यात मारला तर काय, याचा स्वतंत्र कायदा यायला मात्र १९८६ उजाडावे लागले. आज लागू आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यात 'दोष' शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता किंवा मानक यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्याने जे अपेक्षित होते त्यात कोणतीही कमतरता असणे म्हणजे दोष. जाहिरातीतला आणि सेल्समनने लेखी दिलेला दावाही त्यात धरता येतो. दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्तीचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो. शिवाय नुकसानभरपाई वेगळी.

तक्रार कुठे करायची, हा मुद्दा २०१९ च्या कायद्याने सोपा केला. पूर्वी समोरचा पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली, राहता छत्रपती संभाजीनगरात, तरी इथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. प्रत्यक्ष दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तीही तक्रारीचे कारण घडल्यापासून. 'बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला नीट करून देतो' या आश्वासनावर दोन वर्षे सहज निघून जातात, आणि ती जावीत हीच अनेकदा समोरच्याची इच्छा असते.

इतके सगळे सोपे असेल तर माणसे अडतात कुठे?

आपल्या तरुणांच्या बाबतीत पहिला अडथळा येतो तो 'व्यावसायिक वापर' या दोन शब्दांचा. आपल्याकडची बरीच वाहने हौसेची नसतात. कोणी पिकअप घेऊन भाजी मंडईत लावतो, कोणी टॅक्सी पासिंग करून विमानतळ-वेरूळ-अजिंठा अशा फेऱ्या मारतो, कोणी शेंद्र्याच्या कामगारांना ने-आण करतो. कोणी महात्मा फुले महामंडळाकडून कर्ज घेतलेले असते, कोणी स्टँड अप इंडियातून. गाडीत दोष निघाला आणि तक्रार केली, की डीलरच्या वकिलाचे पहिले वाक्य ठरलेले असते: गाडी धंद्यासाठी घेतली आहे, म्हणून हा माणूस ग्राहकच नाही. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्यालाच दारातून परत पाठवायचा हा डाव आहे. कित्येक जण, आणि दुर्दैवाने काही वकीलही, हे ऐकूनच माघार घेतात.

कायदा तसे म्हणत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक' धरायची नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. यावरचा आजही आधार मानला जाणारा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उदाहरण देऊन सांगितले, की स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे, आणि स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणाराही ग्राहक आहे. गंमत अशी, की त्या खटल्यातला तक्रारदार स्वतः हरला. रोजगार प्रोत्साहन योजनेतून उभा राहिलेला तो लघुउद्योग होता, पण घेतलेल्या यंत्राचे स्वरूप पाहता ती खरेदी उपजीविकेपुरती नाही असे न्यायालयाला वाटले. तो हरला, पण त्याच्या खटल्यातून रिक्षावाल्याला आणि ट्रकवाल्याला संरक्षण मिळाले.

पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ती सेवेसंबंधीच्या वादात होती, पण तत्त्व मोठे आहे. खरेदी व्यावसायिक हेतूने झाली, असे म्हणणाऱ्याने ते आधी सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले, तरच उपजीविकेचा मुद्दा मांडण्याची जबाबदारी तक्रारदारावर येते. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे: गाडी मी स्वतः चालवतो, माझ्याकडे हीच एक गाडी आहे, घरखर्च यावरच चालतो. सोबत वाहन परवाना, परमिट, बँकेचे पासबुक जोडावे. दोन-तीन गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवले असतील तर बाजू लंगडी पडते, हेही लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा अडथळा आहे दोषी कोण, हे ठरवण्याचा. डीलर म्हणतो गाडी कंपनीने बनवली, कंपनी म्हणते विकली डीलरने. गोव्यातले एक प्रकरण यासाठी प्रत्येक खरेदीदाराने माहीत करून घ्यावे असे आहे. एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पूर्ण पैसे भरले. हातात आलेली गाडी २००९ ची होती आणि ती ६२२ किलोमीटर आधीच चाललेली होती. ग्राहकाने पैसे परत मागितले, नाहीतर नवी गाडी मागितली. डीलरने नकार दिला. जिल्हा पातळीपासून राष्ट्रीय आयोगापर्यंत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सुटली. न्यायालयाचे म्हणणे असे, की कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे. डीलरने केलेल्या फसवणुकीची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात हात होता, हे दाखवल्याशिवाय कंपनीला ओढता येत नाही. गाडीच्या उत्पादनातच दोष आहे, असे इथे कोणी सिद्धही केले नव्हते.

या निकालावर आमचे मत थोडे कडवट आहे. मोठे नाव पाहून ग्राहक गाडी घेतो, बोर्डावर नाव कंपनीचे, कर्मचाऱ्याच्या शर्टावर चिन्ह कंपनीचे. आणि फसवणूक झाली की कंपनी म्हणणार, हा माणूस आमचा नव्हे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, सामान्य माणसाच्या हिशेबात नाही. पण निकाल आहे तो आहे. त्यातून घ्यायचे ते असे, की तक्रार लिहिताना डीलरने काय केले आणि कंपनीने काय केले हे वेगवेगळे लिहावे. दोघांनाही सामनेवाले करावे, पण 'सगळ्यांनी मिळून फसवले' अशी एक ओळ लिहून थांबू नये. जुनी गाडी नवी म्हणून दिली, पैसे जास्त घेतले, तपासणी न करता गाडी ताब्यात दिली, हे डीलरच्या नावावर. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग यांतला मूळ दोष कंपनीच्या नावावर. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचे वेगळे प्रकरण आहे. गाडीमुळे इजा किंवा नुकसान झाले असेल, तर त्यात उत्पादकाची जबाबदारी आहेच, शिवाय विक्रेत्याने जोडणी-तपासणीत वाजवी काळजी घेतली नसेल किंवा स्वतःची वेगळी हमी दिली असेल, तर त्यालाही धरता येते.

गोव्यातल्या ग्राहकाला जे घडले ते ओळखायचा उपाय मात्र साधा आहे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, हातात घ्या. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवा, मीटरवरचे किलोमीटर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. एमएच २० ची पाटी लागण्यापूर्वी हे पाच मिनिटांचे काम आहे. पाटी लागली, हार पडला, की नंतर बोलणे जड जाते.

तिसरा अडथळा सर्वांत मोठा: मूळ दोष सिद्ध कसा करायचा. 'उत्पादनातला दोष' हा शब्द तोंडाने म्हटल्याने चालत नाही. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश बाजूला ठेवला. वॉरंटीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढेच लिहिले होते, म्हणून पूर्ण गाडी बदलायला लावता येत नाही, असा तो निकाल. फियाटच्या २०१० च्या प्रकरणात तज्ज्ञाच्या तपासणीवर भर दिला गेला; गाडीत मूळचाच दोष आढळला तर पैसे परत, नाहीतर दुरुस्ती. म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल हा या सगळ्याचा कणा आहे. कायद्याप्रमाणे आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो, पण त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. आपल्या शहरात बजाजचा वाळूजचा कारखाना आहे, स्कोडाचा शेंद्र्याचा आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गाडीच्या पोटातले कळणारी माणसे इथे कमी नाहीत, त्यात आपलीही पुष्कळ आहेत. तरी आयोगात जाणारा ग्राहक तज्ज्ञाशिवाय जातो.

सगळ्याच प्रकरणांत तज्ज्ञ लागतो असेही नाही. ह्युंदाईच्या एका गाडीची अपघातात पुढून धडक बसली आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. पुरेशा वेगाने धडक बसली नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. वेग आणि बल यांचे गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे न्यायालयाने सुनावले. जिथे दोष स्वतःच बोलतो, तिथे हा निकाल पुढे ठेवावा.

तज्ज्ञ नसेल, तर त्याच्या खालोखालचा पुरावा म्हणजे जॉबकार्ड. प्रत्येक वेळी गाडी वर्कशॉपला देताना तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्यावी. 'जनरल चेकअप' असे लिहून देणाऱ्याला थांबवावे. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, किलोमीटर, बदललेले भाग, सगळे त्यावर हवे. तोंडी तक्रार झाली असेल, तर त्याच दिवशी ई-मेल करावा. गिअरबॉक्सच्या एकाच तक्रारीची सहा जॉबकार्डे असतील, तर ती कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतात. शोरूममध्ये जाऊन गोंधळ घालणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: काच फुटली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. आपल्या पोरांवर गुन्हे दाखल करायला यंत्रणेला वेळ लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हप्त्याबद्दलही एक गोष्ट. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज देणारा आणि गाडी विकणारा वेगळे आहेत. हप्ता थकला की पतमानांकन घसरते आणि गाडी ओढून न्यायला माणसे येतात. अशी दंडेलीने वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे, पण रात्री दारात उभ्या असलेल्या माणसांना निकाल वाचून दाखवता येत नाही. हप्ता भरत राहा आणि गाडी बंद होती त्या दिवसांच्या हप्त्याची, बुडालेल्या कमाईची मागणी नुकसानभरपाईत करा.

जुन्या गाड्यांचा बाजार हा स्वतंत्र विषय आहे. इथे एवढेच, की १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते नसलेल्या दलालाकडून, मीटर मागे फिरवलेली गाडी केवळ स्वस्त म्हणून घेणे म्हणजे आधीच अर्धी केस हरणे.

कायद्यातल्या उणिवाही बोलल्या पाहिजेत. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये सदोष गाड्यांसाठी खास कायदा केला आणि मग इतर राज्यांनी केला. एकाच दोषासाठी साधारण चार वेळा दुरुस्ती होऊनही तो गेला नाही, किंवा गाडी ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर गाडी सदोष आहे असे तिथे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करण्याचा हक्क दिला. आपल्याकडे असा आकडा नाही. किती चकरा झाल्या म्हणजे पुरे, हे प्रत्येक ग्राहकाने नव्याने भांडून ठरवायचे. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. आयोगांतल्या रिक्त जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. सामनेवाल्याने ३० अधिक १५, अशा ४५ दिवसांत लेखी म्हणणे दिलेच पाहिजे, त्यापुढे मुदत नाही, असे घटनापीठाने जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये ठरवले आणि नव्या कायद्यातही मुदत तीच आहे. निदान हा मुद्दा तरी तक्रारदाराने धरून बसावा. तारखा मागणाऱ्यापेक्षा तारखा सोसणाऱ्याचा खिसा लवकर रिकामा होतो.

इथेच आपल्या संघटनांचा प्रश्न येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून जातीचा दाखला असलेल्या आपल्या माणसालाही तो हक्क आहे. ग्राहक आयोगापुढचे कामही यात बसते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा, इतकेच. फौजदारी प्रकरणात आपण हे वापरतो. गाडी, फ्लॅट, विमा, खासगी क्लासची फी, यांत वापरताना फारसे कोणी दिसत नाही.

दरवर्षी जून-जुलैत आपल्या वस्त्यांत शिष्यवृत्तीचे, जात पडताळणीचे अर्ज भरून देणारी पोरे टेबल टाकून बसतात. हे काम किती मोलाचे आहे, हे आम्ही सांगायला नको. त्याच टेबलावर ग्राहक तक्रारीचा एक रकाना वाढवता येईल. लागणार काय, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून देणारा एक जण, नोटिशीचा मसुदा लिहिणारा विधी शाखेचा एक विद्यार्थी, आणि वाळूज किंवा शेंद्र्यात नोकरी करणारा, गाडी उघडून पाहणारा एक अभियंता. एकाच मॉडेलच्या, एकाच दोषाच्या तक्रारी एका वहीत जमू लागल्या तर त्याचे वजन वेगळे असते. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनांबाबत ठरावीक संख्येने सारख्या तक्रारी आल्या, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकते. ती संख्या एकट्या माणसाच्या तक्रारीने भरत नाही.

तोपर्यंत ज्यांची गाडी आत्ता वर्कशॉपमध्ये आहे त्यांनी उद्या सकाळी तिथे जाऊन मागच्या सगळ्या जॉबकार्डांच्या प्रती मागाव्यात. नाही म्हणाले, तर ते नाही म्हणाले हे ई-मेलवर लिहून पाठवावे. आणि गाडी घेतल्याची तारीख कॅलेंडरवर पाहावी. दोन वर्षांतली किती शिल्लक आहेत, ते मोजावे.